विमा उतरवला का?

मागच्या भिंतीला रंग द्यायचा, एवढंच ठरलं होतं, आणि त्यात काही चुकीचं नव्हतं. चुकलं ते पुढच्या वाक्यात. "त्या ठेकेदाराला म्हणावं, आधी विम्याचं सर्टिफिकेट आण, मगच भिंतीला हात लाव," असं तारीखराव जेवता जेवता म्हणून गेले. भिंतीची काळजी होती म्हणून नव्हे, समोर सासरे बसले होते म्हणून. सासऱ्यांसमोर भलेभले जावई नाही नाही ते बोलून जातात, मग तारीखरावांची काय कथा!

तारीखराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते ऑफिसातल्या लोकांनी ठेवलेलं होतं. एका मोठ्या कारखान्याच्या बांधकाम खात्यात ते कामाला होते. कारखान्यात पाऊल टाकायचं तर प्रत्येक कंत्राटदाराला आपलं विम्याचं सर्टिफिकेट तारीखरावांच्या टेबलावर ठेवावं लागे. तारीखराव चष्मा पुसत, कागद उचलत, मुदत संपायची तारीख बघत, शिक्का गोल आहे की चौकोनी ते बघत आणि सही ठोकून देत. मधला मजकूर ते वाचत नसत. तो बारीक अक्षरात असे, आणि ज्यांना आपण वाचावं असं मनापासून वाटतं ते लोक मोठ्या अक्षरात लिहितात, असं त्यांचं साधं तत्त्वज्ञान होतं. (या तत्त्वज्ञानावर त्यांची दोन बढत्यांपर्यंत मजल गेली होती, त्यामुळे ते अगदीच टाकाऊ म्हणता येणार नाही.)

घरी मात्र या कर्तबगारीची कुणाला खबर नव्हती. सासरे मुक्कामाला आले होते ते वरच्या खोलीत. खोलीच्या बाहेरच्या भिंतीत ओल मुरली होती, आणि एका सकाळी गिलाव्याचा एक पोपडा सुटून थेट सासऱ्यांच्या चहात पडला. सासऱ्यांनी तो चमच्यानं अलगद बाहेर काढला, बशीत ठेवला आणि बशी जावयासमोर सरकवली. भिंतीचं काम निघालं ते त्या बशीतून.

कामाला जो ठेकेदार मिळाला त्याला अख्खी गल्ली होयबा म्हणत असे. उमेदीची सगळी वर्षं त्यानं भिंती फोडणाऱ्या मशीनशेजारी काढली होती. त्यामुळे त्याला डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नसे आणि उजव्या कानानं मर्जी असेल तेव्हा. पण आपल्याला ऐकू येत नाही हे त्याला मान्य नव्हतं. कुणी काहीही बोललं तरी तो मान डोलवून "हो, हो" म्हणे. एका गिऱ्हाइकानं त्याला तीन-तीनदा बजावलं होतं की पांढरा रंग नको. होयबा प्रत्येक वेळी "हो, हो" म्हणाला आणि त्यानं घर पांढरंशुभ्र करून दिलं. आधी सर्टिफिकेट, मग काम, असं बजावल्यावरही तो "हो, हो" म्हणाला आणि त्यानं काम सुरू केलं. माणूस मात्र सोन्यासारखा. कामात लबाडी नाही आणि तोंडात शिवी नाही. (शिवी ऐकू आल्याशिवाय माणूस ती शिकणार तरी कशी?)

होयबाचा रंगारी होता भीमा. अंगानं काडी, गालफडं बसलेली, म्हणून सोबतच्यांनी भीमा म्हणायला सुरुवात केली आणि मग तेच नाव पडलं. गच्चीच्या कठड्याला दोर बांधायचे, दोरांना फळी लोंबकळत सोडायची आणि त्या फळीवर बसून दिवसभर भिंत खरवडायची, हे त्याचं काम. तारीखराव सकाळी ऑफिसला जात तेव्हा तो आलेला नसे आणि परतत तेव्हा गेलेला असे. तेव्हा तारीखरावांच्या लेखी तो नव्हताच. दुपारचा चहा मात्र त्याला तारीखरावांची बायको देई, आणि चहा देता देता बायकांना जे कळतं ते चौकशी आयोगालाही कळत नाही.

"त्या भीमाच्या बायकोचे दिवस भरलेत हो," ती संध्याकाळी म्हणाली. "आज-उद्या कधीही होईल. घरात मिळवणारे हात दोनच, आणि ते दोन्ही दिवसभर दोर धरून. मला तर वर बघवत नाही."

"हं," तारीखराव म्हणाले. ते पेपर वाचत होते. भीमा हे नाव त्यांच्या एका कानातून शिरलं आणि वाटेत कुठेही न रेंगाळता दुसऱ्या कानातून निघून गेलं.

"तो पडला-बिडला तर?"

"म्हणून तर सर्टिफिकेट मागितलंय ना," तारीखराव पेपराआडून म्हणाले.

आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेट आलं. होयबानं ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर दोन रबरबँड लावून आणलं होतं. तारीखरावांनी हात धुतले. टेबलावरची फुलदाणी बाजूला केली. सासऱ्यांना खुर्ची पुढे ओढायला सांगितली. एखादा डॉक्टर एक्स-रे धरतो तसा त्यांनी कागद उजेडापुढे धरला.

"तारीख?" त्यांनी स्वतःलाच विचारलं. "पुढच्या वर्षाची. उत्तम! शिक्का? गोल. फारच उत्तम! आणि हे काय?"

खाली एका चौकोनात तारीखरावांचं स्वतःचं नाव छापलेलं होतं. संपूर्ण, आडनावासकट, एकही वेलांटी न चुकता. ज्या माणसाचं नाव विजेच्या बिलावरही कधी बरोबर आलं नव्हतं, त्याच्या छातीचं अशा वेळी काय होणार? ती फुगली.

"बघा बाबा, 'प्रमाणपत्रधारक' म्हणून माझं नाव आहे. म्हणजे विमा कुणाचा? आपला! आता भिंत पडो, माणूस पडो, आभाळ पडो."

सासऱ्यांनी कागद घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि परत दिला.

"मधलं काही वाचणार नाही का?" बायकोनं विचारलं.

"अगं, मधलं सगळीकडे सारखंच असतं."

"आत भीमाचं नाव कुठे आहे?"

"कुणाचं?"

"अहो, जो वर चढतो त्याचं! पडलाच तर भरपाई त्याला मिळणार की तुम्हाला? त्या विमा कंपनीला एक फोन करून विचारा की."

"कागदावर गोल शिक्का असताना फोन?" तारीखराव दुखावले. "उद्या मला विचारशील, लग्नाच्या वेळी माझी चौकशी केली होती का म्हणून."

"नव्हती केली," सासरे शांतपणे म्हणाले. "आम्हीही नुसती तारीख बघितली होती, जावईबापू."

यावर तारीखरावांनी पेपर उघडला तो झोपेपर्यंत मिटला नाही. पण बायकोनं पिच्छा सोडला नाही. सकाळी चहाबरोबर "फोन केलात का?", संध्याकाळी बूट काढताना "फोन केलात का?" शेवटी तारीखराव म्हणाले, "ठीक आहे. करतो. तोही तुझ्यासमोर, बाबांसमोर, स्पीकर लावून करतो. म्हणजे एकदाचा सोक्षमोक्ष!" आणि देखरेखीचं निमित्त सांगून त्यांनी रजा टाकली.

त्या दिवशी भीमा वर होता, पार गच्चीच्या खाली. होयबा अंगणात उभा राहून मोठ्या पिंपात रंग ढवळायचं मशीन चालवत होता. त्याचा घर्र घर्र आवाज घरभर भरला होता. तारीखरावांनी मागच्या खोलीची खिडकी लावली, सासऱ्यांना समोर बसवलं, बायकोला शेजारी उभं केलं आणि फोन लावला. पलीकडून एका बाईंचा थकलेला पण प्रेमळ आवाज आला.

"कागद समोर आहे का तुमच्या?"

"हातातच आहे."

"विमेदार म्हणून कोणाचं नाव आहे?"

"माझं!" तारीखरावांनी बायकोकडे बघितलं.

"तुमचं? कुठल्या रकान्यात?"

"खालच्या. प्रमाणपत्रधारक."

"साहेब, धारक म्हणजे ज्यानं कागद धरलाय तो. तुम्ही धरलाय ना?"

"धरलाय."

"मग तुम्ही धारक. त्यापलीकडे त्याला काही अर्थ नाही."

सासऱ्यांना खोकला आला. तो जरा लांबला.

"बरं, विमा कशाचा आहे ते मधे लिहिलंय, वाचता का?"

"मधे..." तारीखरावांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "अक्षर जरा बारीक आहे."

"थांबा, माझ्याकडे आहे, मीच वाचते. 'गिऱ्हाइकाच्या घरातील मालमत्तेचे नुकसान.' म्हणजे यांच्या हातून तुमची एखादी फुलदाणी फुटली तर कंपनी भरपाई देईल."

"आणि त्यांचा माणूस पडला तर?"

"कुठे पडला?"

"पडला नाही अजून! पण समजा, वरून पडला."

"वर कसा जाईल? यात 'घराच्या आतील रंगकाम, जमिनीवर उभे राहून' एवढंच आहे. उंचीवरचं काम यात बसत नाही. आणि कामगारांचा विमा वेगळा असतो, साहेब. तुमच्या ठेकेदारानं तो उतरवलेलाच नाही."

"म्हणजे फुलदाणी..."

"फुलदाणीची काही काळजी करू नका."

फोन बंद झाला. तारीखराव फुलदाणीकडे बघत राहिले. ती टेबलावर मोठ्या ऐटीत, सगळ्या बाजूंनी सुरक्षित अशी उभी होती. बायको "मी सांगत नव्हते?" म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं तारीखरावांना पहिल्यांदाच वाटलं. तिनं फक्त खिडकीकडे बोट दाखवलं.

तारीखरावांनी खिडकी उघडली, कमरेपर्यंत बाहेर वाकले आणि वर बघितलं. काम सुरू झाल्यापासून त्यांनी वर बघितलं ते तेव्हाच. खूप उंचावर एक फळी हलत होती, आणि फळीखाली दोन अनवाणी तळवे लोंबकळत होते, रंगाचे ठिपके पडलेले. त्या तळव्यांवर एक अख्खा माणूस बसलेला होता, आणि त्याच्या बायकोचे दिवस भरले होते. आपल्या घराची फुलदाणी शाबूत राहील आणि हा माणूस नाही, या विचारानं तारीखरावांना दरदरून घाम फुटला.

"अहो ठेकेदार!" ते जिवाच्या आकांतानं ओरडले. "विमा उतरवला का?"

मशीन घरघरत होतं. होयबानं उजवा कान पुढे केला.

"काय साहेब?"

"विमा! विमा उतरवला नाही तुम्ही!"

"भीमा?"

"विमा! विमा उतरवलेला नाही अजून!"

"हो, हो!" होयबानं मान डोलवली. मशीन बंद करून तो वर तोंड करून ओरडला, "ए भीमा! खाली उतर! साहेब केव्हापासून बोलावतायत!"

"अर्धा हात राहिलाय," वरून आवाज आला. "तेवढा मारतो की."

"मेल्या, साहेब खिडकीतून लोंबकळायला लागलेत, आणि तुझा अर्धा हात! उतर म्हटलं ना!"

"अहो, त्याला नव्हे!" तारीखराव कळवळून म्हणाले. "विमा, विमा!"

"आला, आला, साहेब! शिडीवर आलाच बघा!"

भीमा कुरकुरत फळीवरून शिडीवर आला, शिडीवरून खाली आला आणि डोक्याचं फडकं काढून अंगणात होयबाच्या पिंपापाशी उभा राहिला. "काय साहेब?" त्यानं विचारलं. रंगाचा डबा वरच राहिला होता. आता उतरलाच आहेस तर डबाही घेऊ, म्हणून होयबानं लांबूनच दोराला एक हिसडा दिला.

आधी वर काहीतरी कडकडलं. धाबे दणाणणे म्हणजे काय हे तारीखरावांनी आजवर नुसतं ऐकलं होतं, त्या दिवशी ते स्वतःच्या घरावर दणाणलं. ओलीनं आतून पोखरलेला गच्चीचा कठडा सुटला, आणि विटा, दोर, फळी, डबा असं सगळं एकामागून एक खाली आलं. बायकोनं तारीखरावांची कॉलर धरून त्यांना आत खेचलं म्हणून विटा चुकल्या. रंग मात्र चुकला नाही. धुरळा खाली बसला तेव्हा तारीखराव डोक्यापासून कमरेपर्यंत फिकट पिवळे झाले होते, आणि अंगणात फळीचे दोन तुकडे पडले होते.

भीमा त्या तुकड्यांकडे बघत मटकन खाली बसला.

"साहेब," होयबाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "तुम्हाला कसं हो कळलं?"

"मला काही कळलं-बिळलं नव्हतं," पिवळे तारीखराव म्हणाले. "मी विमा म्हणत होतो."

"हो, हो! भीमाच म्हणालात. मी या कानानं ऐकलं!"

"अहो, भीमा नाही, विमा! व! व!"

"वा वा काय करता साहेब, माझा माणूस वाचवलात तुम्ही!"

भीमानं उठून तारीखरावांचा पिवळा हात आपल्या दोन्ही पिवळ्या हातांत धरला. "आज घरी जाऊन तिला काय सांगायचं ते मला समजत नाही," तो म्हणाला. "पण सांगायला मी आहे, साहेब. तुमच्यामुळे आहे." तारीखरावांनी त्याचा हात घट्ट धरून ठेवला.

नंतर ते मोरीत जाऊन तोंड धुवायला लागले ते बराच वेळ धूत राहिले. बायको टॉवेल घेऊन दारात उभी राहिली.

"डोळ्यांत टर्पेंटाइन गेलं," ते म्हणाले.

"टर्पेंटाइनची बाटली अजून उघडलेली नाही," ती म्हणाली.

मग तारीखराव टॉवेलात तोंड खुपसून रडले. किती जणांचे उपकार मोजायचे तेच त्यांना कळेना. भिंत फोडणाऱ्या ज्या मशीननं होयबाचा कान घालवला त्या मशीनचे उपकार. फोनवरच्या त्या बाईंचे, ज्यांनी कंटाळा न करता बारीक अक्षर वाचून दाखवलं. आणि जिनं फोनसाठी पिच्छा पुरवला आणि वर कॉलर धरून मागे ओढलं, तिचे तर सर्वांत जास्त. "तू होतीस म्हणून," ते भिजलेल्या आवाजात म्हणाले. "तुझे फार उपकार आहेत माझ्यावर." बायकोनं घाईघाईनं त्यांच्या कपाळावर हात ठेवून ताप आहे का बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य या घरात कुणी उच्चारलेलं नव्हतं, त्यामुळे तिची काळजी समजण्यासारखी होती. ताप नाही म्हटल्यावर मात्र ती तिथेच, ओल्या फरशीवर, त्यांच्या शेजारी थोडा वेळ बसली.

त्याच आठवड्यात भीमाला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप असल्याचं सांगायला तो स्वतः आला, आणि सासऱ्यांनी उठून त्याला आपली खुर्ची दिली. इतकी वर्षं जावयाला ती कधी मिळाली नव्हती.

ऑफिसात तारीखरावांनी टेबलावरचे सगळे कागद पुन्हा काढले आणि मधला मजकूर वाचायला घेतला. झाडं तोडणाऱ्याकडे शिवणयंत्रांचा विमा निघाला. विजेचं काम करणाऱ्याचा विमा त्याच्या काकांच्या नावावर होता, आणि काका वारले होते. तारीखराव प्रत्येकाच्या कंपनीला फोन करायचे, "नाव कोणाचं? काम कोणतं? उंचीवर चालेल का? कामगार आत आहेत का?" असं एकेक विचारून घ्यायचे आणि फोन ठेवताना न चुकता "तुमचे फार उपकार झाले" म्हणायचे. ऑफिसातल्या मोठ्या साहेबांनी विचारलं, तुमची तब्येत बरी आहे ना?

होयबाच्या मागे लागून त्यांनी कामगारांचा वेगळा विमाही उतरवून घेतला. (या वेळी त्यांनी तोंडी काही सांगितलं नाही. पाटीवर लिहून दाखवलं.) नवा कागद आला तो त्यांनी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला, बायकोला वाचून दाखवला आणि त्याच बाईंना फोन करून खात्री करून घेतली. विमेदार बरोबर, उंचीवरचं काम आत, कामगार आत. कठडा नव्यानं बांधून पक्का झाला. आता राहिली होती ती फक्त वरची अर्धी भिंत.

भीमा आला, दोर बांधले, फळी सोडली आणि शिडीपाशी थांबला.

"चढ की," होयबा म्हणाला.

"आधी साहेबांनी बघावं," भीमा म्हणाला. "कठडा पक्का आहे का ते त्यांनाच कळतं. त्यांनी एकदा फळीवर बसून 'ठीक आहे' म्हटलं की मी दिवसभर काम करीन. त्यांच्या शब्दाबाहेर आता मी नाही."

एव्हाना ही गोष्ट गल्लीभर झाली होती, आणि सांगणारा होयबा असल्यामुळे तिच्यात तारीखरावांना भिंतीच्या आतलं ऐकू येत होतं. कुंपणाशी शेजारी जमले. कुणी म्हणालं, यांची नजरच वेगळी. कुणी म्हणालं, असा माणूस शोधून सापडायचा नाही. हरभऱ्याच्या झाडावर चढायला शिडी लागत नाही. तारीखराव त्या झाडाच्या शेंड्यावर पोचले आणि तिथून थेट खऱ्या शिडीवर आले. "बघतो की," ते म्हणाले, "त्यात काय मोठंसं!"

मोठंसं काय ते त्यांना वर गेल्यावर समजलं. फळीवर बसेपर्यंत सगळं सुरळीत झालं. मग त्यांनी खाली बघितलं. अंगण बशीएवढं दिसत होतं आणि सासरे त्यातल्या पोपड्याएवढे. तारीखरावांनी डोळे मिटून घेतले आणि दोन्ही दोरांना मिठी मारली.

"ठीक आहे का, साहेब?" भीमानं खालून विचारलं.

तारीखरावांनी दोरांची मिठी आणखी घट्ट केली.

"अहो!" बायकोच्या डोक्यात एकाएकी लख्ख प्रकाश पडला. "त्या नव्या कागदात ठेकेदाराची माणसं आहेत ना? तुम्ही कुठे आहात त्यात?"

तारीखरावांना कागद पाठ होता. विमेदार, काम, उंची, कामगार. घरमालक त्यात कुठेही नव्हता. "नाही," ते वरून क्षीण आवाजात म्हणाले. "मी नाही." मग त्यांच्या तोंडून जी आरोळी निघाली ती कुंपणापलीकडच्या कुत्र्यालाही ऐकू गेली. "आधी मला उतरवा!"

"काय म्हणाले?" होयबानं उजवा कान पुढे केला.

"मला उतरवा! मला! मला!"

"विमा उतरवा?" होयबा मनापासून हसला. "हो, हो! किती बारकाईनं विचार करतो हा माणूस!" आणि कुणी काही बोलायच्या आत मोटारसायकलला किक मारून तो कोपऱ्यावरून दिसेनासा झाला.

भीमा सरसर शिडी चढून फळीजवळ आला. "दोर सोडा साहेब, मी धरतो तुम्हाला." तारीखराव म्हणाले, दोर सोडणार नाही. भीमा म्हणाला, निदान एक हात. तारीखराव म्हणाले, एक बोटसुद्धा नाही. सासरे खुर्ची घेऊन अंगणात बसले होते. त्यांनी वर हाक मारून सांगितलं की घाई नाही, सावकाश होऊ द्या.

होयबा परतला तो मागच्या सीटवर विमा एजंटला बसवूनच. एजंट तरतरीत गृहस्थ होता. त्यानं बॅगेतून फॉर्म काढला, पेन झटकलं आणि इकडे तिकडे बघितलं.

"विमा कोणाचा उतरवायचाय?"

सगळ्यांनी वर बोट केलं. एजंटनं वर बघितलं, मग फॉर्मकडे बघितलं आणि पेन पुन्हा खिशाला लावलं.

"असं चालत नाही," तो होयबाला म्हणाला. "कंपनीचा नियम आहे. आधी यांना खाली उतरवा, मग मी यांचा विमा उतरवतो."

"हो, हो," होयबा म्हणाला, आणि एजंटला पुन्हा मागे बसवून त्याला त्याच्या ऑफिसापाशी उतरवून आला.